राघू, मैना आणि दुखिफत

जात्यावरच्या ओव्यांत आई मुलाला राघू म्हणते आणि मुलीला मैना. आपल्या आज्या-पणज्या अलिबागच्या असोत, पेणच्या असोत वा रेवदंड्याच्या, दळताना त्यांच्या तोंडी हीच नावे असत. त्यामुळे या दोन पाखरांविषयी आपल्या मनात जो ओलावा आहे तो सहजासहजी आटणारा नाही. आज आम्ही त्याच दोन पाखरांविषयी थोडे कडू बोलणार आहोत. वाचक बंधुभगिनींनी राग न धरता शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, कोठेही घराबाहेर या. हिरवळीवर पिवळ्या पायांनी ऐटीत चालणारी, डोळ्यामागे पिवळी कातडी असलेली आणि उडताना पंखांवरचे पांढरे पट्टे दाखवणारी तपकिरी साळुंकी हमखास दिसते. भारतातून भेटीला आलेल्या पाहुण्यांना वाटते, ही इथलीच. ती इथली नाही. १९८० च्या आसपास जे इस्राएलला आले त्यांना आठवत असेल, त्या वेळी आपल्या वस्त्यांत साळुंकीचा आवाज नव्हता. १९९७ च्या सुमारास तेल अवीवच्या यार्कोन उद्यानाच्या परिसरात पिंजऱ्यातून सुटलेल्या थोड्या साळुंक्यांनी मोकळ्यावर संसार थाटला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी बहुतेक सारा देश व्यापला. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा राघू तिच्या आधीचा, पण तोही असाच पिंजऱ्यातून सुटलेला. एलातच्या कावळ्याची गोष्ट निराळी. राखी मानेचा आपला मुंबईचा कावळा तेथे १९७६ पासून दिसू लागला, आणि तो जहाजावर बसून आला असे मानतात. स्वतःच्या मर्जीने आलेला तो एकटाच म्हणायचा!

“मग बिघडले काय?” असे कोणी विचारील. या देशावरून दर वर्षी दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी ये-जा करतात. त्यात आणखी दोन जातींची भर पडली तर जैवविविधता वाढलीच की! वर्गात हा प्रश्न हटकून येत असे, आणि प्रश्न चांगला आहे. बेरजेच्या हिशेबाने तो बरोबरही आहे. पण जैवविविधता म्हणजे जातींची नुसती मोजदाद नव्हे. कोण कोणाला खातो, कोण कोणाचे बी पसरवतो, कोण कोणाच्या जुन्या घरात राहतो, अशा नात्यांचे ते जाळे आहे. त्यातले एकच नाते आज नीट पाहू: झाडाच्या ढोलीचे.

ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांचे दोन वर्ग असतात. एक घर बांधणारे आणि दुसरे भाडेकरू. आपल्या कोकणात सुतारपक्षी आणि तांबट हे बांधणारे. चोचीने लाकूड कोरून ते ढोली तयार करतात. पोपट, साळुंकी, पिंगळा हे भाडेकरू. त्यांना स्वतःला भोक पाडता येत नाही, फार तर असलेले थोडे रुंद करता येते. म्हणून बांधणाऱ्याने सोडलेली ढोली, कुजलेल्या फांदीचे भोक किंवा शेंडा गेलेल्या माडाचा पोकळ बुंधा, जे मिळेल त्यावर यांची नजर. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना हे अधिक सांगायला नको. खोल्या थोड्या, मागणारे पुष्कळ, आणि पागडी देण्याची ऐपत ज्याची मोठी त्याला खोली. पक्ष्यांच्या जगात पागडी म्हणजे ताकद, आणि हंगामात आधी येऊन जागा धरण्याची हुशारी.

आता भारतात ही चाळ फार जुनी आहे. साळुंकी तेथे हजारो वर्षे राहते, पण ती एकटी दादा नाही. भांगपाडी मैना आहे, पोपट आहेत, नीळकंठ आहे, पिंगळा तर रात्रीचा पहारेकरीच. धामण झाडावर चढून ढोलीतली अंडी-पिल्ले खाते, शिक्रा झडप घालतो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या दांडगाईला तोंड देण्याची काही ना काही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या शिकून घेतली आहे. तेथे साळुंकी हा अनेकांतला एक भाडेकरू.

इकडे काय आहे ते पाहा. इस्राएलमध्ये ढोली कोरणारा मुख्य कारागीर म्हणजे सीरियन सुतारपक्षी: काळा-पांढरा, शेपटीखाली लाल. हिब्रूत त्याचे नाव नकार. मराठी माणसाला ते ऐकून हसू येते, पण हा कोणाला नकार देत नाही. तो बहुधा नव्या हंगामासाठी नवी ढोली कोरतो आणि जुनी मागे राहते. त्या जुन्या ढोल्यांवर यरगाझी नावाचा इवलासा पक्षी, चिमणी आणि इतर काही जण संसार करतात. म्हणजे एका सुतारावर बाकीच्यांची घरे अवलंबून.

यार्कोन उद्यानात अभ्यासकांनी या ढोल्यांवर बारकाईने लक्ष ठेवले, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक मजेदार, तितकीच चिंतेची साखळी पुढे आली. सुतारपक्षी ढोली कोरतो. तिचे तोंड त्याच्या अंगापुरते, लहान. मग राघू येतो आणि आपल्या बाकदार चोचीने ते तोंड कुरतडून मोठे करतो. तोंड मोठे झाले की तीच ढोली साळुंकीला सोयीची होते. आणि साळुंकी कोणाची भीड ठेवत नाही. राघूशीसुद्धा ती भांडते. लक्षात घ्या, दोघे परदेशी एकमेकांचे वैरी असूनही एकाने दुसऱ्याची वाट मोकळी केली. राघू नसता तर साळुंकीला त्यांतल्या कित्येक ढोल्या अरुंद पडल्या असत्या. दोन पाहुण्यांचा उपद्रव दोन एके दोन असा मोजता येत नाही तो यामुळे. ओवीतली भावंडे येथे अशी एकत्र आली आहेत.

आता दुखिफतकडे येऊ. आपण मराठीत त्याला हुदहुद म्हणतो. डोक्यावर पंख्यासारखा उघडणारा तुरा, लांब बाकदार चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. वायिक्राच्या अकराव्या अध्यायात खाण्यास वर्ज्य पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि २००८ साली राज्याच्या साठाव्या वर्षी दीड लाखांहून अधिक नागरिकांनी भाग घेतलेल्या निवडीत तोच राष्ट्रीय पक्षी ठरला. ताटात वर्ज्य, पण मान सगळ्यांत मोठा! शेतकऱ्याचा तो मित्र आहे. मातीत चोच खुपसून अळ्या आणि किडे काढतो.

हाही भाडेकरूच. ढोली, दगडी भिंतीतले भोक, जुन्या जैतुनाच्या खोडातली पोकळी, यांत तो घरटे करतो. त्याचे घरटे भयंकर घाण वासाचे असते, आणि त्यामागेही एक नाते आहे. अंड्यांवर बसलेल्या मादीच्या शेपटीजवळच्या ग्रंथीत विशिष्ट जिवाणू राहतात. त्यांच्यामुळे ग्रंथीतला स्राव काळपट व दुर्गंधी होतो. मादी तो अंड्यांना फासते आणि रोगजंतूंपासून अंड्यांचे रक्षण होते. पिल्ले तर शत्रू डोकावला की त्याच्या तोंडावर नेम धरून शिटतात. मांजर-मुंगुसाला पळवण्यास एवढे पुरते. पण राघूपुढे ही विद्या चालत नाही. हुदहुदांना त्यांच्या ढोल्यांतून राघू हुसकावून लावतात, अशी निरीक्षणे येथील पक्षितज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आहेत. राघू हिवाळा संपता संपताच जागा धरतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला दार बंद. राष्ट्रीय पक्षी ठरवणे सोपे. त्याला राहायला भोक मिळणे कठीण, अशी ही अवस्था आहे.

न्यायाने बोलायचे तर सगळे खापर पाखरांवर फोडू नये. शारोनच्या पट्ट्यातले संत्र्यांचे पार्देस गेले आणि तेथे इमारती उभ्या राहिल्या. पोकळ झालेली जुनी झाडे ‘धोकादायक’ म्हणून तोडली जातात. ढोल्या मुळातच कमी झाल्या, आणि त्यात हे दांडगे भाडेकरू आले. पाणी घालून राखलेली हिरवळ, उघडे कचऱ्याचे डबे, रस्त्यावरच्या मांजरांसाठी दयाळू लोकांनी ठेवलेले खाणे, ही सारी साळुंकीची पंगत. ज्या कोरड्या देशात तिला जगणे अवघड गेले असते तेथे आपणच तिला पाट मांडून दिला. गेल्या काही वर्षांतल्या पक्षिगणनांतून दिसते की साळुंक्या झपाट्याने वाढल्या आणि त्याच काळात चिमणीसारखा घरोघरचा पक्षी कमी झाला.

हे फक्त इस्राएलचे दुखणे नाही. मॉरिशसला, जेथे आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात, १७६२ च्या सुमारास टोळ मारण्यासाठी भारतातून साळुंकी मुद्दाम नेली. ऑस्ट्रेलियात १८६० नंतरच्या दशकात किडे खाण्यासाठी तिला सोडले. आज तेथे लोक तिला पिंजरे लावून पकडतात आणि तिचा उल्लेख ‘भारतीय मैना’ असा करतात. फुकटची आपली बदनामी! जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींची जी यादी २००० साली निघाली तीत पक्षी तीनच आहेत, आणि त्यांत साळुंकी व लालबुड्या बुलबुल हे दोन आपल्या अंगणातले. सेशेल्समध्ये डेनिस आणि फ्रेगेट या चिमुकल्या बेटांवरून साळुंकी पूर्ण काढून टाकता आली, पण त्यालाही चिकाटी लागली. एवढ्या मोठ्या भूभागावरून ती आता काढणे होणार नाही, असे आमचे मत आहे. तिला आवर घालणे मात्र शक्य आहे.

आमच्या इमारतीतल्या एक मावशी रोज सकाळी मिर्पेसेतवर भाकरीचे तुकडे घालतात. आम्ही हे सारे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मास्तर, माहेरचं पाखरू दारात आलं, त्याला उपाशी कसं धाडू? आणि आपण तरी कुठले हो? आपणही तिकडूनच आलो ना?”

मावशींच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. साळुंकी उपाशी मरत नाही. भाकरीने ती फक्त अधिक पिल्ले वाढवते. वर्षातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-पाच निळी अंडी. आपली एक भाकरी म्हणजे पलीकडच्या झाडातली एक चिमणी बेघर. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही जरा कडक बोललो. हिब्रूत अशा जातीला ‘मिन पोलेश’, म्हणजे घुसखोर जात, म्हणतात. हा शब्द पाखरांपुरता ठीक आहे. तो माणसांना लावू नये आणि स्वतःला तर मुळीच लावून घेऊ नये. माणसे सारी एकाच जातीची. शेजाऱ्याशी बोलून, भांडून, समजूत घालून ती एकत्र राहू शकतात. सुतारपक्षी आणि साळुंकी यांच्यात बोलणी होत नाहीत. शिवाय साळुंकीचा यात गुन्हा काय? तिला पकडून, पिंजऱ्यात घालून विकले ते माणसाने. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं, भाकरी बंद. पण तिचा आवाज ऐकायला तर हरकत नाही ना?” त्याला काहीच हरकत नाही.

घरच्या घरी करण्यासारखी कामे थोडी आहेत. खिडकीच्या तरीसच्या पेटीला फट असेल तर ती जाळीने बुजवावी, पण आत पिल्ले नाहीत हे आधी पाहून. मांजरांचे खाणे घालायचेच असेल तर ठरल्या वेळी घालून उरलेले उचलावे. पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊ नये, आणि कोणी भेट दिलाच तर कंटाळा आला म्हणून ‘मोकळा’ करू नये. ही दया फार महाग पडते. वाद बायितच्या बैठकीत अंगणातले वाळके झाड तोडण्याचा विषय निघाला तर एक प्रश्न जरूर विचारावा: ते खरोखर कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखे आहे का? नसेल तर फांद्या उतरवून बुंधा तरी राहू द्यावा. सुताराला लाकूड मिळाले तर पुढच्यांना खोल्या मिळतील.

लाकडी पेटी टांगण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी तिचे तोंड साधारण ३ सेंटिमीटर व्यासाचे ठेवावे. यरगाझी आणि चिमणी त्यातून जातात, साळुंकी जात नाही. राघूने तोंड कुरतडू नये म्हणून भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकावी. दुखिफतसाठी मात्र अशी पेटी उपयोगाची नाही, कारण तो आत जाईल एवढे तोंड ठेवले की साळुंकीही जाते. त्याला जुनी झाडे आणि मोकळी माती, हाच उपाय. पेटी उन्हाच्या बाजूस न लावता सावलीत, माणसाच्या उंचीहून वर लावावी आणि तू बिशवातच्या आधी लावून मोकळे व्हावे; यरगाझी त्यानंतर लवकरच जागा पाहत फिरू लागतो.