फाइल शोधताना सिम्लिंकचं काय होतं?



पायथॉन शिकणारी मुलं एक प्रोग्राम हमखास लिहितात: दिलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल शोधा आणि मोजा. कधी समोर दिसणारी फाइल प्रोग्रामला सापडत नाही, कधी एकच फाइल दोनदा मोजली जाते. यामागे अनेकदा सिंबॉलिक लिंक, म्हणजेच सिम्लिंक असते. आज ती समजून घेऊया.

सिम्लिंक म्हणजे काय?

शाळेत जडवस्तूंची मोजणी चालू आहे असं समजा. एका कपाटात नकाशे नाहीत, नुसती चिठ्ठी आहे: ‘नकाशे खोली क्रमांक 5 मध्ये आहेत.’ सिम्लिंक ही अशीच चिठ्ठी. तिच्यात दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा फक्त पत्ता असतो. 1983 साली युनिक्सच्या 4.2 बीएसडी या आवृत्तीत ती आली. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर ती आहे. प्रोग्रामने सिम्लिंक उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर मूळ फाइल हाती देते. विंडोजच्या डेस्कटॉपवरचा नेहमीचा शॉर्टकट तसं करत नाही. प्रोग्रामच्या दृष्टीने ती एक साधी फाइलच असते.

चिठ्ठीमागे जायचं की नाही?

नाही गेलो, तर नकाशे मोजायचे राहू शकतात. गेलो आणि नंतर खोली 5 सुद्धा मोजली, तर नकाशे दोनदा येतात. आणि खोली 5 मधल्या चिठ्ठीवर ‘पहिल्या कपाटाकडे जा’ असं लिहिलेलं असेल तर? मोजणारा गोल गोल फिरतच राहील!

वेगवेगळ्या भाषा काय करतात?

पायथॉनचं ‘ओएस डॉट वॉक’ फोल्डरच्या लिंकचं नाव दाखवतं, पण आत शिरत नाही. ‘फॉलोलिंक्स’ला ‘ट्रू’ केलं की शिरतं, मात्र आधी कुठे जाऊन आलो हे लक्षात ठेवत नाही. फोल्डरमधली लिंक त्याच फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर लिनक्सवर एकच फाइल 41 वेळा मिळते, कारण लिनक्स एका पत्त्यात 40 पेक्षा जास्त सिम्लिंक उलगडत नाही. पायथॉनचंच ‘ग्लॉब’ दोन चांदण्यांच्या खुणेने शोधताना लिंकच्या आत जातं. म्हणजे एकाच भाषेत दोन रीती!

जावाचं ‘फाइल्स डॉट वॉक’ सांगितल्याशिवाय लिंकमागे जात नाही. सांगितलं, तर फेरा ओळखून चूक दाखवतं. गो भाषेचं ‘वॉकडिर’ आतल्या लिंकमागे जातच नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? प्रोग्राम फाइल पुसणारा असेल तर विचार करा. लिंकमागे गेलेला प्रोग्राम ठरवलेल्या फोल्डरबाहेरच्या खऱ्या फाइल पुसून टाकू शकतो. आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम लिंकमागे गेलाच नाही, तर मुलांचे प्रकल्प त्यात येणारच नाहीत.

वर्गात करून बघा

लिनक्स संगणकावर ‘वर्ग’ फोल्डरमध्ये 2 फाइल ठेवा. ‘प्रकल्प’ हा फोल्डर बाहेर वेगळा करून त्यात 3 ठेवा. मग ‘वर्ग’मध्ये ‘प्रकल्प’ची सिम्लिंक करा. ‘वर्ग’मध्ये किती फाइल सापडतील, हा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या. नुसतं ‘ओएस डॉट वॉक’ 2 सांगेल, ‘फॉलोलिंक्स’ लावल्यावर 5. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत, कारण प्रश्नच दोन आहेत!

‘सापडली नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं नव्हे. शोधणारा कुठवर गेला होता, हे आधी विचारायचं. एवढी सवय मुलांना लागली तरी हा पाठ सार्थकी लागला. घरीही मुलांसोबत करून बघा आणि काय उत्तर आलं ते जरूर कळवा.