भाजावळीचा दिवस कसा निवडावा?

चैत्र लागला म्हणजे कोंकणांत राबाच्या भाजावळीची घाई सुरू होते. याच दिवसांत डोंगरउतारावरील गवत कडकडीत वाळलेलें असतें, गवताच्या उडव्या खळ्याशेजारीं उभ्या असतात आणि आंब्या-काजूच्या बागांत पाचोळ्याचा थर पडलेला असतो. राबांतून उडालेली एक ठिणगी वर्षाची वैरण व अनेक वर्षें जोपासलेलीं कलमें एका दुपारीं नाहींशीं करूं शकते. म्हणून कोणत्या दिवशीं विस्तव लावूं नये, हें आधीं कसें ओळखावें याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

वणव्यास अनुकूल हवेचीं अंगें तीन: उष्णता, कोरडेपणा व वारा. पैकीं पहिलीं दोन परस्परांशीं निगडित आहेत. हवा तापते तसतशी तिची बाष्प धारण करण्याची शक्ति वाढते. संपृक्त हवेंतील बाष्पाचा दाब ३० अंश सेंटिग्रेडला सुमारें ४२ मिलीबार असतो. ४० अंशांस तो सुमारें ७४ होतो. प्रत्यक्ष बाष्प या मर्यादेहून जेवढें कमी, तेवढी हवेची तहान. ही तहान ती वाळल्या गवतांतील उरलासुरला ओलावा शोषून भागविते.

या बाष्पन्यूनतेस वाऱ्याच्या वेगानें गुणून धोक्याचा अंक काढण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं सुचविली. उदाहरण घेऊं. सकाळीं ३० अंश उष्णता, ६० टक्के आर्द्रता व सेकंदास २ मीटर वारा असल्यास न्यूनता १७ व गुणाकार ३४ येतो. दुपारीं ४० अंश, १५ टक्के व ८ मीटर वारा झाल्यास न्यूनता ६३ व गुणाकार ५०४! उष्णता दहाच अंशांनीं वाढली, पण धोक्याचा अंक जवळजवळ पंधरापट झाला. मात्र हा अंक केवळ हवेविषयीं बोलतो. गवत हिरवें कीं वाळलेलें, हें शेतकऱ्यानें स्वतः पाहिलें पाहिजे.

वाऱ्याच्या वेगाइकीच त्याची दिशाहि महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियांत ७ फेब्रुवारी २००९ रोजीं मेलबर्न येथें ४६.४ अंश उष्णता झाली. वायव्येच्या वाऱ्यानें वणवे लांबट पट्ट्यांनीं धांवले. सायंकाळीं वारा नैर्ऋत्येकडून वाहूं लागतांच त्या पट्ट्यांची लांब कूस हीच आगीची नवी आघाडी बनली. त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसें दगावलीं. आपल्या किनारपट्टीवरहि सकाळचा जमिनीवरील वारा दुपारपूर्वीं फिरून समुद्राकडून येऊं लागतो, हें विसरूं नये.

यावरून पुढील नियम निघतात. हवामानखात्याच्या अंदाजांतील उष्णता, आर्द्रता व वारा हे तिन्ही आंकडे एकत्र पहावेत. तिन्ही प्रतिकूल असतील तर भाजावळ पुढें ढकलावी. राबाभोंवतीं गवत काढून जमीन उघडी करावी. वारा शांत असतां भल्या पहाटे, वाऱ्याच्या उलट व उताराच्या वरच्या कडेनें विस्तव लावावा. कारण आग चढावर वेगानें धांवते. समुद्रवारा सुटण्यापूर्वीं काम उरकावें, पाणी व हिरव्या डहाळ्या हाताशीं ठेवाव्यात, आणि शेवटचा निखारा विझल्यावांचून जागा सोडूं नये.

भाजावळ एक दिवस लांबल्यानें पेरणी चुकत नाहीं. जळालेली बाग मात्र एका पावसाळ्यांत उभी राहत नाहीं.