भाकरीची विद्या

हिंगोलीजवळ नर्सी नावाचे गाव आहे. संत नामदेवांचे हे गाव, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्याला नर्सी नामदेव असेच म्हणतात. नामदेवांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एकदा ते जेवावयास बसले असता एक कुत्रा आला आणि भाकरी तोंडात धरून पळत सुटला. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन त्याच्या मागे लागला असता. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी त्या मुक्या जीवाच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना काळजी!

या गोष्टीतील भूतदया आपण सारेच आठवतो. पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. त्याचे नाव कोणी घेत नाही. ती भाकरी भाजली कोणी?

लहानपणी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भाकरी आपोआप ताटात येते, असेच मला वाटत असे. एके दिवशी ती आली नाही, तेव्हा माझे डोळे उघडले.

आमचे घर वसमत तालुक्यात. हा भाग हळदीसाठी प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फाल्गुनाच्या सुमारास हळद काढण्याची घाई असते. कंद खणायचे, कढईत शिजवायचे, उन्हात वाळवायचे. घरातील कोणालाही उसंत नसते. मी तेव्हा सातवीत होतो. आई, वडील आणि आजी पहाटेच शेतात गेली होती. दुपारी धाकटा भाऊ भुकेने रडू लागला. मी म्हटले, “त्यात काय? मी भाकरी करतो.”

मी डब्यातील पीठ काठवटीत घेतले आणि त्यात माठातील गार पाणी ओतले. गोळा झाला, पण थापू लागताच त्याच्या कडा फाटल्या. उचलून तव्यावर टाकताना भाकरीचे चार तुकडे झाले. ते तुकडेही मधे कच्चे आणि कडेला करपलेले. भाऊ रडायचा थांबून हसू लागला. मला मात्र रडू आले.

संध्याकाळी माणसे घरी परतली. मी लाजेने ताट झाकून ठेवले होते. वडिलांनी ते उघडले, तुकडे वरणात कुस्करले आणि एक शब्दही न बोलता सगळे खाल्ले. आजी माझ्याजवळ बसली व म्हणाली, “लेकरा, ही काही गव्हाची कणीक नव्हे. जवारीची रीत निराळी. ये, माझ्यापाशी बस.”

आजी शाळेत गेली नव्हती. परंतु त्या रात्री चुलीपुढे तिने मला जे दाखविले, त्याचा अर्थ पुढे विज्ञानाच्या पुस्तकात मला सापडला.

तिने प्रथम माझे पीठ चिमटीत धरून चोळले. “याची विरी गेली आहे,” ती म्हणाली. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीचे पीठ दळून बरेच दिवस झाले, की तो कमी होतो आणि भाकरी तुटू लागते. म्हणून जाणत्या बायका एकदम पुष्कळ दळण आणीत नाहीत. आठवड्यास पुरेल इतकेच पीठ दळून आणतात.

मग तिने पाण्याला आधण आणले. मी विचारले, “आजी, गव्हाला गार पाणी चालते, मग ज्वारीला का चालत नाही?” ती म्हणाली, “गव्हाला ताण असतो, जवारीला नसतो.” किती नेमके उत्तर! गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले, म्हणजे त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. या जाळ्यामुळे कणीक ओढली तरी ताणते, तुटत नाही. ज्वारीत हे ग्लुटेन नसते. तुम्हीही पाहा: एका हातात कणकेचा व दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन दोन्ही ओढा. एक लांबेल, दुसरा तुटेल.

मग ज्वारीचे पीठ एकत्र कसे राहते? तेथे उकळते पाणी मदतीस येते. कागद चिकटविण्यासाठी आपण पीठ शिजवून खळ करतो. पिठातील पिष्ट गरम पाण्याने फुगते आणि चिकट होते, म्हणून खळ बनते. आधणाच्या पाण्याने भाकरीच्या पिठातही तेच घडते. थोडे पिष्ट शिजते आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवते. जे काम गव्हात ग्लुटेन करते, ते येथे ही खळ करते.

आजीने दोन वाट्या पीठ घेतले आणि सुमारे दीड वाटी पाणी बेताबेताने घातले. पीठ आधी उलथन्याने कालवले, आणि हाताला सोसवेल इतके निवल्यावर मळावयास घेतले. तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रगडायचे, पुन्हा गोळा करायचे, पुन्हा रगडायचे. “जितके मळशील, तितकी भाकरी मऊ,” असे ती म्हणे. पण सारे पीठ एकदम मळून ती ठेवीत नसे. एका भाकरीपुरते मळायचे, ती भाकरी करायची, मग दुसरी.

नंतर थापणे. खाली कोरडे पीठ पसरून तिने गोळा ठेवला व बोटांनी हलकेच थापू लागली. प्रत्येक थापेबरोबर भाकरी आपणहून थोडी फिरे. कडा आणि मध्य सारख्या जाडीचे झाले पाहिजेत. नाहीतर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. माझ्या भाकरीचे तेच झाले होते!

तापलेल्या तव्यावर भाकरी टाकताना पिठाची बाजू वर आली. तिच्यावर आजीने ओल्या हाताने पाणी फिरविले. कोरडे पीठ त्यामुळे भिजते आणि वरचा पापुद्रा तडकत नाही. हे पाणी सुकू लागले, की लगेच भाकरी उलटायची. आधी उलटली तर ती तव्याला चिकटते, उशीर झाला तर तिला भेगा पडतात. ही वेळ सांगणारे घड्याळ नाही. ती डोळ्यांनीच ओळखावी लागते.

दुसरी बाजू भाजल्यावर आजीने तवा उतरविला आणि भाकरी निखाऱ्यांसमोर धरली. पाहता पाहता ती टम्म फुगली. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ ही मूळ पाण्याच्या १,६०० पटींहून अधिक जागा व्यापते. दोन्ही बाजूंचे पापुद्रे भाजून घट्ट झालेले असल्याने वाफेला बाहेर पडता येत नाही. ती दोन्ही पापुद्रे दूर सारते. कोठे भेग असली तर वाफ निसटते व भाकरी फुगत नाही. म्हणजे फुगलेली भाकरी ही आधीच्या प्रत्येक कामाची परीक्षाच होय.

हाच प्रश्न जगात इतरांनाही पडला. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. तिकडे सुदान देशात ज्वारीचे पातळ पीठ आंबवून त्याची ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. मेक्सिकोत मका पिकतो. त्यातही ग्लुटेन नाही. तेथील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्यामुळे पीठ चिकट होते आणि त्याची ‘तोर्तिया’ नावाची भाकरी तव्यावर आपल्या भाकरीसारखीच फुगते. एकाने आंबविले, दुसऱ्याने चुना वापरला, आपल्या आज्यांनी आधण घातले. कोणी कोणाला शिकविले नाही. प्रत्येकाने आपल्या धान्याचा स्वभाव ओळखला.

भाकरीबरोबर काय खावे, यातही असेच शहाणपण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तर डाळींत तो भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर बेसनाचे पिठले किंवा तुरीचे वरण घेतले, म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. सोबत अंबाडीची भाजी आणि एक कांदा असला, की साध्या घरचे जेवण कोणत्याही मेजवानीस हार जात नाही.

मुलांनो, आपल्या मराठवाड्यात ज्वारीची शेते पूर्वीइतकी राहिली नाहीत. पुष्कळ ठिकाणी सोयाबीन आले, घरोघरी गव्हाची पोळी आली. त्यात वाईट काही नाही. ज्वारीकडे विद्वानांचेही लक्ष आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. बियाणे जपण्यास विद्यापीठे आहेत. परंतु भाकरी थापणारा हात कोठल्याही कोठारात ठेवता येत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि मधला एक हात शिकला नाही, तर तेथेच थांबतो.

शिवाय हे काम केवळ मुलींचेच, असे कोणी म्हणेल तर ऐकू नका. भूक मुलामुलींत भेद करीत नाही. त्या दिवशी माझ्या भावाला मुलीच्या हातची नव्हे, चांगली भाकरी हवी होती. मोठे माणूस जवळ असल्यावाचून चुलीशी किंवा शेगडीशी बसू नका, कपड्याचा घोळ आवरून घ्या, आणि पहिल्या भाकरीला भेगा पडल्या तर हिरमुसू नका. माझी भाकरी फुगावयास तीन आठवडे लागले. ती फुगली तेव्हा आजीने पहिला घास स्वतः घेतला.

आजी आता नाही. नर्सीला गेलो, की मला नामदेवांची ती गोष्ट आठवते. कुत्र्यामागे धावणारे नामदेव दिसतात, हातातील तुपाची वाटी दिसते. आणि त्यांच्या मागे चुलीपुढे बसलेले एक माणूस दिसते. त्याचे तोंड मला नेहमी माझ्या आजीसारखे वाटते.

शब्दार्थ
काठवट – पीठ मळण्याचे पसरट लाकडी भांडे
आधण – उकळते पाणी
विरी – पिठाचा चिकटपणा
पापुद्रा – पातळ थर
निवणे – थंड होणे

स्वाध्याय
१. लेखकाची पहिली भाकरी का बिघडली? त्याच्या चुका क्रमाने सांगा.
२. ‘गव्हाला ताण असतो, जवारीला नसतो’ या आजीच्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
३. भाकरी कोणत्या कारणाने फुगते?
४. वडिलांनी भाकरीचे तुकडे न बोलता का खाल्ले असावेत?
५. आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाशेजारी बसून एक पदार्थ शिका. त्याची कृती आणि प्रत्येक कृतीचे कारण वहीत लिहून आणा.