वानवडीची छत्री

पुणे शहराच्या आग्नेयेस वानवडी आहे. आज तेथे दाट वस्ती आहे. परंतु १७९४ साली ते पुण्याबाहेरचे एक खेडे होते. त्या वर्षी १२ फेब्रुवारी रोजी महादजी शिंदे यांनी तेथेच देह ठेवला. जेथे त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तेथेच त्यांची समाधी आहे. तिच्यासमोर शिवमंदिर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तेथे भव्य सभामंडप उभारला. त्याच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत आणि भिंतींवर शिंदे घराण्यातील पुरुषांची चित्रे आहेत. या वास्तूस ‘शिंद्यांची छत्री’ म्हणतात. थोर पुरुषाच्या दहनभूमीवर बांधलेल्या स्मारकास छत्री असे नाव आहे.

महादजींचा पराक्रम मोठा होता. दिल्लीच्या बादशहाला त्यांचा आधार होता. परंतु हा पराक्रम घडण्यापूर्वीच त्यांचे आयुष्य संपावयाचे होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. रणांगणातून निघालेल्या तरुण महादजींच्या पायावर शत्रूने घाव घातला आणि ते रक्तबंबाळ होऊन पडले. तेव्हा राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना पाहिले. पखालीतून पाणी वाहणारा तो साधा माणूस! त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेत आणले. महादजींचा पाय जन्माचा अधू झाला. पण प्राण वाचले. हा उपकार ते कधी विसरले नाहीत. त्यांनी राणेखानास भाऊ मानले, सरदार केले. १७८८ साली दिल्लीवर गेलेल्या त्यांच्या फौजेचा सेनापती हाच राणेखान होता.

राजांची स्मारके सर्वच देशांत आढळतात. लंडन येथे वेस्टमिन्स्टर ॲबे नावाचे पुरातन चर्च आहे. इंग्लंडच्या अनेक राजांना व राण्यांना तेथे पुरले आहे. एलिझाबेथ आणि मेरी या एकमेकींच्या विरोधी राण्याही तेथे एकाच थडग्यात विसावल्या आहेत. याच चर्चमध्ये १९२० साली पहिल्या महायुद्धात पडलेल्या एका सैनिकास मोठ्या सन्मानाने पुरण्यात आले. त्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. त्या चर्चमध्ये जमिनीत बसविलेल्या अनेक स्मृतिशिलांवरून लोक चालत जातात. या अनामिकाच्या शिलेवर मात्र कोणीही पाऊल ठेवीत नाही.

राजवैभवाच्या मागे अशी कितीतरी साधी माणसे उभी असतात. राणेखानाचे नाव तरी आपणांस ठाऊक आहे. वानवडीच्या छत्रीत महादजींपुढे मस्तक नमवाल, तेव्हा त्या भिस्त्याचेही स्मरण करा. तो नसता, तर ही छत्रीही नसती.

स्वाध्याय
१. छत्री कशास म्हणतात?
२. महादजींनी राणेखानाचे उपकार कसे फेडले?
३. अनामिक सैनिकास राजांच्या शेजारी का पुरले असेल? तुमचे मत लिहा.