पाळणा आणि पसायदान

गेल्या माघात डिंगोरे येथे सप्ताहात आमची कीर्तनसेवा झाली. आरती होऊन मंडळी पंगतीकडे वळली तरी एक तरुण शेतकरी मंडपाच्या खांबाला टेकून उभाच होता. बुक्का लावून झाला, नमस्कार झाला, पण पाऊल हलेना.

“बुवा, एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचार की बाबा.”

“सव्वा महिन्याची लेक आहे मला, पहिलीच. घरात आनंद आहे, नाही असं नाही. पण रात्री पाळण्याची दोरी हातात धरली की काळीज कापतं. मळ्यात घर, उसात बिबट्या. मोबाईल उघडावा तर कुठं लढाई, कुठं लेकरांचे हाल. भावकीत वीतभर बांधासाठी डोकी फुटतात. असल्या जगात आणलं हो आम्ही हिला! पाप तर नाही ना केलं?”

त्या रात्री आम्ही त्यास उत्तर दिले नाही. “सावकाश सांगतो,” इतकेच म्हणालो. त्याचे कारण आधी सांगणे भाग आहे.

चाळीस वर्षांमागे आम्ही पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलो होतो. न्याय-वेदान्त जिभेवर ताजा होता. एका गावी कीर्तनानंतर एका माउलीने विचारले, “महाराज, माझं दोन वर्षांचं लेकरू गेलं. त्याचा काय गुन्हा होता?” आम्ही चार लोकांदेखत तिला प्रारब्धाचा सिद्धान्त ऐकवला, वर संस्कृत आधार दिला. तिने पदर तोंडावर घेतला आणि ती निघून गेली. पुढे त्या गावी आमची कीर्तने झाली, पण ती माउली पुन्हा समोर बसलेली दिसली नाही. प्रारब्धाचा सिद्धान्त स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर फेकण्यासाठी नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले. म्हणून या वेळी घाई केली नाही. त्या तरुणाच्या घरी हे मासिक जाते. तेव्हा त्याचे उत्तर येथेच लिहितो.

तीन ताप

प्रथम प्रश्नाची फोड करू. त्या तरुणाने बिबट्या, लढाई आणि बांध एका दमात सांगितले. भयभीत मनाला सगळे वाईट एकच दिसते. शास्त्राने मात्र तापाचे तीन प्रकार केले आहेत. पाऊस, दुष्काळ, भूकंप यांपासून होतो तो आधिदैविक. दुसऱ्या प्राण्यांपासून होतो तो आधिभौतिक. आणि आपल्याच देहामनात उठतो तो आध्यात्मिक.

आधिदैविकाचे उदाहरण आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचला आणि माळीण गाव चिखलाखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या मातीने साधू पाहिला नाही की चोर पाहिला नाही. येथे ‘कोणाचे पाप?’ असे विचारू नये, आणि कोणी सांगू लागल्यास ऐकू नये. विचारावयाचे ते हे की, ‘आता हात कोणाचे लागतील?’ त्या सकाळी एस.टी.च्या चालकाला रोजचे गावच जागेवर दिसेना. त्याने खबर पोहोचविली आणि मग मदत धावली. ढिगाऱ्यातून तीन महिन्यांचे एक बाळ व त्याची आई जिवंत निघाली. पुढे आमडे येथे नवे माळीण वसले आणि २०१७ साली लोक तेथे राहावयास गेले. गेलेली माणसे परत आली नाहीत, हे खरे. पण डोंगर कोसळला त्या दिवशीच माणुसकी उभीही राहिली, हेही तितकेच खरे. एक सांगून दुसरे न सांगणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

आता बिबट्या. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि बिबट्याने उसालाच रान मानले. मादी तेथेच विते, पिले तेथेच वाढतात. माणसावर हल्ले होतात, घरेच्या घरे दुःखात बुडतात. ते दुःख हलके करून आम्ही सांगणार नाही. तरीपण बिबट्या दुष्ट नव्हे. पशुयोनी ही भोगयोनी आहे. तिला विधी नाही, निषेध नाही, म्हणून पापही नाही. त्याची भूक त्याला नेते. माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. तेथील पिंजऱ्यातल्या जनावराचे डोळे पाहिले म्हणजे हे पटते. बिबट्यापासून लेकराला जपावयाचे ते अंगणात दिवा ठेवून, गोठा बंदिस्त करून, तिन्हीसांजेनंतर मूल एकटे न सोडून. येथे सावधगिरी हवी. जगाविषयी निराशा नको.

मग दुष्टपणा राहिला कोठे? तो फक्त माणसात. कारण वाकडे जावे की सरळ जावे, याची निवड माणसालाच दिली आहे. आणि वाचकहो, आशेची जागाही नेमकी तीच. ज्याला वाकडे जाण्याची मोकळीक आहे, त्यालाच सरळ होण्याचीही मोकळीक आहे. बिबट्या उद्या संत होणार नाही. माणूस होऊ शकतो.

संसारातून पळालेला बाप

‘असल्या जगात मूल आणावे काय?’ हा प्रश्न डिंगोऱ्याच्या तरुणाने प्रथम विचारलेला नाही. आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच तो उभा आहे. आपेगावचे विठ्ठलपंत, आळंदीच्या सिधोपंतांचे जावई, विरक्त होऊन घर सोडून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. मागे रुक्मिणीबाई राहिल्या. परंपरा सांगते की पुढे विठ्ठलपंतांचे गुरू आळंदीस आले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला. गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग कळले की हिचा पती तर आपलाच शिष्य! गुरूंनी विठ्ठलपंतांस माघारी पाठविले, पुन्हा गृहस्थ होण्याची आज्ञा केली.

आता पाहा, ते परतले ते कसल्या जगात? संन्याशाचा संसार म्हणून गावाने वाळीत टाकले. अशा घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार लेकरे जन्मास आली. मौंजीचा प्रश्न आला तेव्हा देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि त्या दोघांनी देह ठेवले. चार पोरकी लेकरे उरली. त्या दिवशी विठ्ठलपंतांस कोणी विचारले असते, ‘कशासाठी आणलीत ही मुले?’ तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर त्यांच्या हयातीत यावयाचेच नव्हते. ते आले १२९० साली, शके १२१२ मध्ये, नेवाशास. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा.

आईबापांनी उत्तराची वाट न पाहता पाळणा हलविला, एवढेच त्यांचे काम होते. गुरूंची आज्ञा न मानता विठ्ठलपंत काशीलाच राहिले असते, तर त्यांचे दुःख टळले असते, पण आपल्या मुखी माउलीचे नाव नसते.

ही मुले पैठणास शुद्धिपत्र मागावयास गेली. तेथे हेटाळणी झाली, रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा घडली. तो रेडा पुढे ज्ञानदेवांबरोबर चालला आणि आपल्या जुन्नर तालुक्यातच आळे येथे त्याची समाधी आहे. वारकरी तेथे माथा टेकतो. ज्यांनी ‘या रेड्याचे नावही ज्ञानाच’ म्हणून पोरांस हिणविले, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. ज्या मुक्या जनावराचा आधार घेऊन हिणविले, त्याच्या समाधीवर फुले पडतात.

दुष्काळातले दोन पाळणे

डिंगोऱ्याहून शिवनेरी दूर नाही. १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, तेथे शिवरायांचा जन्म झाला. जिजाऊंची त्या वेळची स्थिती ध्यानी घ्या. आदल्याच वर्षी त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले होते, पती मोहिमांवर, मुलखात दुष्काळ उतरत होता. पाळण्यापाशी काळीज कापावे, असे सर्व काही होते.

त्याच दुष्काळात देहूस तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपुढे आपण सारे उभे राहतो. त्यांनी स्वप्नात ज्यांना अनुग्रह दिला ते तुकोबा मुलाचे मरण पाहिलेले बाप होते, हे विसरू नये. त्या दुःखाने ते जगावर उलटले नाहीत. घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. पुढे ते वैकुंठास गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. मागाहून नारायणबाबांचा जन्म झाला. बापाने ज्याचे तोंड पाहिले नाही, त्याच मुलाने १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून सोहळा पंढरीस नेला. आपण आषाढीस ज्या पालखीमागे चालतो, तिचा आरंभ हा असा आहे.

मागणे कशाचे?

आता मुख्य सिद्धान्त. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ संपवून ज्ञानदेवांनी विश्वात्मक देवापाशी पसायदान मागितले. परंपरेच्या गणनेने वय पंधरा-सोळा. समाजाच्या कठोरपणाने ज्याचे आईबाप गेले, असा हा मुलगा. त्याने काय मागावे? ‘ज्यांनी छळले त्यांचा निःपात कर’ असे मागता आले असते. परंतु दुष्टांचा नाश त्याने मागितलाच नाही. त्यांच्यातला वाकडेपणा गळून जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी आणि जीवाजीवांत मैत्री व्हावी, असे मागितले. रोगी मरो असे वैद्य म्हणत नाही. रोग जावो म्हणतो.

कोणी शंका घेईल की, सातशे वर्षे होऊन गेली, अजून वाकडेपणा गेला कुठे? शंका रास्त आहे. जगातून तो एकदम गेला नाही आणि उद्या जाईल असे वचन आम्ही देत नाही. पण पसायदान हे भविष्य नव्हे, मागणे आहे. भविष्य सांगणारा हात बांधून बसू शकतो. मागणाऱ्याला ओंजळ पुढे करावी लागते. पीक येईलच याची हमी शेतकऱ्याला कोणी दिलेली नसते, तरी मृगात तो पेरणी करतो. आम्ही आशा म्हणतो ती हीच. आणि जग एकदम बदलत नसले तरी एकेक माणूस बदलतो, हे कीर्तनाच्या मंडपात आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बाटली टाकून माळ घातलेली माणसे प्रत्येक दिंडीत चालतात.

पाळण्यापाशी करावयाचे

राहिला तिसरा, आध्यात्मिक ताप; म्हणजे त्या तरुणाची झोप उडविणारे भय. बाबा, हे भय पाप नव्हे. लेकरावर माया जडली याची ती खूण आहे. आई झालेल्या हरिणीचे कान उभे असतात, ते वाईट नव्हे. फक्त रात्रंदिवस कान उभे ठेवून ती पिलास पाजणे विसरली तर वाईट. रात्री मोबाईल दूर ठेवून पाळण्याची दोरी धरावी आणि हळू आवाजात रामकृष्णहरी म्हणावे. लेकीला अर्थ कळणार नाही; बापाचा आवाज शांत आहे, एवढे कळेल. सव्वा महिन्याच्या जीवाला तेवढे ज्ञान पुरे.

दुसरे सांगावयाचे ते थोडे कडू आहे. सप्ताहाच्या दुसऱ्या सकाळी आम्ही त्याच्या घरी लेकीस पाहावयास गेलो. बोलता बोलता कळले की ज्या वीतभर बांधाची गोष्ट त्याने सांगितली, तो बांध त्याचाच. चुलतभावाशी तीन वर्षे बोलणे नाही. बारशाला सारा गाव जेवला, शेजारच्या मळ्यातला भाऊ तेवढा आला नाही. त्याला बोलावणेच नव्हते. म्हणजे ज्या जगाचे भय वाटते, त्यातली वीतभर जागा आपल्याच नावावर आहे! पसायदान तेथूनच सुरू करावे लागेल. लढाया थांबविणे तुझ्या हाती नाही. लेकीला घेऊन बांधापलीकडे जाणे आहे. “दादा, पुतणी आणलीय,” एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.

ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ताटी लावून आत बसले, तेव्हा ती उघडावयास विनवणी केली ती धाकट्या मुक्ताईने. ते ताटीचे अभंग आपण सप्ताहात म्हणतो. मोठ्यांनी लावलेली दारे उघडावयास पुष्कळदा लेकरूच लागते. तुझ्या घरी ते आले आहे. तू पाप केले नाहीस, बाबा. तुझ्या दाराशी मुक्ताई उभी आहे.

तो चुलतभावाकडे गेला की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. आषाढीला वाटेत भेटेल तेव्हा विचारू. पण दुसऱ्यास सांगताना आपलीही एक ताटी लागलेली आहे, हे हा लेख लिहिताना टोचत राहिले. ती चाळीस वर्षांपूर्वीची माउली आजही हयात आहे असे कळते. आता सत्तरीच्या घरात असेल. वारीला निघण्यापूर्वी आम्ही त्या गावी जाणार आहोत. कीर्तनाला नव्हे, तिच्या ओसरीवर बसावयास. या वेळी सिद्धान्त सांगणार नाही. ती त्या लेकराविषयी जे सांगेल, ते ऐकून घेऊ.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.