कतारगामचे रेशन दुकान आणि वेब सेवेची चौकट

सुरत शहराच्या उत्तर भागातील कतारगाम हा हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या व कापडाच्या उद्योगांनी गजबजलेला परिसर आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील कष्टकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रोजगारासाठी सुरतेस जात आली आहेत. माणूस गाव सोडून गेला तरी त्याची शिधापत्रिका मात्र गावातील ठरावीक दुकानाशीच बांधलेली राही. त्यामुळे हक्काचे धान्य घ्यावयाचे तर मजुरी बुडवून गावी जाणे, अथवा ते सोडून देऊन बाजारभावाने खरेदी करणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे असत.

ही अडचण दूर करण्याचा एक महत्त्वाचा टप्पा ९ ऑगस्ट २०१९ रोजी गाठला गेला. महाराष्ट्र व गुजरात, तसेच आंध्र प्रदेश व तेलंगणा या दोन जोड्यांमध्ये एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य देण्यास त्या दिवशी प्रारंभ झाला. १ जानेवारी २०२० पासून बारा राज्ये या व्यवस्थेत आली आणि जून २०२२ पर्यंत देशातील सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्याशी जोडले गेले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या नावाने ही योजना सर्वांस परिचित आहे.

शहादा तालुक्यातील शिधापत्रिकेची माहिती कतारगामच्या दुकानदारास क्षणार्धात कशी कळते? या प्रश्नाच्या उत्तरात आधुनिक संगणकशास्त्रातील दोन कल्पना दडलेल्या आहेत. एक ‘वेब सेवा’ आणि दुसरी ती उभारण्यासाठी वापरली जाणारी ‘चौकट’, म्हणजेच फ्रेमवर्क. या दोहोंचा परिचय येथे करून दिला आहे.

विनंती आणि प्रतिसाद

संकेतस्थळ माणसाने वाचावे म्हणून असते. वेब सेवा ही एका यंत्राने दुसऱ्या यंत्रास प्रश्न विचारता यावा म्हणून असते. विचारणारे यंत्र ठरावीक पत्त्यावर ठरावीक नमुन्यात विनंती पाठविते. उत्तर देणारे यंत्र, म्हणजे सर्व्हर, ती तपासून ठरावीक नमुन्यात प्रतिसाद देते. तलाठी कार्यालयात अर्जाचा नमुना, सोबतची कागदपत्रे व उत्तराचे स्वरूप आधीच निश्चित असते, तसाच हा प्रकार होय. दोन्ही यंत्रांवरील आज्ञावल्या वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या असल्या तरी हरकत नसते, कारण नमुना दोघांसही मान्य असतो.

या देवाणघेवाणीसाठी एचटीटीपी हे इंटरनेटवरील संदेशवहनाचे नियम वापरले जातात. या नियमांच्या आधारे सेवा सुटसुटीतपणे कशा रचाव्यात, याचे तात्त्विक विवेचन रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात केले. ‘रेस्ट’ या नावाने ही पद्धती पुढे जगभर रूढ झाली.

एका व्यवहाराचा प्रवास

उदाहरणादाखल, राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खालील प्राधान्य गटातील पाच जणांचे एक कुटुंब घेऊ. दरमहा प्रत्येकी ५ किलो याप्रमाणे त्याचा हक्क २५ किलोंचा आहे. पती-पत्नी सुरतेत कामास असून वृद्ध आई व दोन मुले गावी आहेत. योजनेनुसार हक्काचा काही भाग एका ठिकाणी व उरलेला दुसऱ्या ठिकाणी उचलता येतो. सुरतेत १० किलो घेतल्यास गावी १५ किलो शिल्लक राहिले पाहिजेत.

कतारगाममधील दुकानदार ई-पॉस यंत्रात शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक घालतो. तेथून निघालेली विनंती राज्याबाहेरील व्यवहार हाताळणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेकडे जाते. पत्रिका महाराष्ट्राची असल्याने कुटुंबातील व्यक्ती, त्यांचा हक्क व शिल्लक धान्य यांची माहिती मूळ राज्याच्या नोंदींतून मिळते. त्यानंतर बोटाच्या ठशाची पडताळणी आधारच्या सेवेकडून होते. ही सेवा मुळात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले होते, याचे येथे स्मरण होते. ओळख पटल्यावर धान्य दिले जाते आणि उचललेल्या धान्याची नोंद होऊन शिल्लक कमी होते.

वजनकाट्यापाशी काही सेकंदांत उरकणाऱ्या या कामात अशा रीतीने अनेक यंत्रांचे संभाषण घडलेले असते.

चौकट कशासाठी?

अशी प्रत्येक सेवा अगदी प्रारंभापासून लिहावयाची झाल्यास बरेचसे काम सर्वत्र सारखेच असते. आलेली विनंती ऐकणे, ती कोणत्या पत्त्यासाठी आहे हे ओळखणे, तिच्यातील माहिती सुटी करणे, योग्य त्या आज्ञावलीकडे सोपविणे आणि उत्तर ठरावीक नमुन्यात परत धाडणे ही कामे धान्याच्या सेवेस लागतात, तशीच सातबाराच्या सेवेसही लागतात. ही समान कामे एकदाच नीट लिहून, तपासून सर्वांच्या उपयोगासाठी ठेवली म्हणजे चौकट तयार होते.

सुताराने दाराची चौकट बसवून दिली की दार कोणत्या लाकडाचे व कोणत्या नक्षीचे असावे, हे घरमालक ठरवितो. येथेही तसेच आहे. ‘या पत्रिकेवर किती धान्य शिल्लक आहे?’ या प्रश्नाचे उत्तर काढण्याचा नियम आज्ञावलीकाराने लिहावयाचा, तो केव्हा चालवावयाचा हे चौकट पाहते. जावा भाषेतील ‘स्प्रिंग’ आणि पायथन भाषेतील ‘जँगो’ व ‘फ्लास्क’ या अशा प्रसिद्ध चौकटी आहेत.

यांपैकी फ्लास्क ही आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेली चौकट आकाराने लहान असल्यामुळे शिकण्यास सोयीची आहे. तिच्यात सेवा उभारण्याच्या पायऱ्या स्थूलमानाने अशा आहेत :

१. पायथन भाषेतील एका फाइलमध्ये चौकट आणून सेवेची स्थापना करावयाची.
२. ‘शिल्लक’ असा पत्ता ठरवून त्यास एक कार्य जोडावयाचे. त्या पत्त्यावर विनंती आली की चौकट तेच कार्य चालविते.
३. विनंतीतील पत्रिका क्रमांक घेऊन तो बारा अंकी आहे की नाही, हे तपासावयाचे.
४. नोंदींतून शिल्लक शोधून ती जेसन या सर्वमान्य नमुन्यात परत करावयाची.

एवढे काम वीस-पंचवीस ओळींत होते. मात्र माहितीसाठ्याची व्यवस्था व वापरणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय फ्लास्कच्या गाभ्यात नाही. ती वेगळी जोडावी लागते. चौकट लहान असली की स्वातंत्र्य अधिक मिळते, तशीच जबाबदारीही अधिक येते.

‘नाही’ आणि ‘उत्तर आले नाही’

वेब सेवेचे प्रत्येक उत्तर एक सांकेतिक क्रमांक घेऊन येते. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही आणि ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. हे भेद तांत्रिक वाटले तरी दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहेत. ‘या क्रमांकाची पत्रिका नाही’ आणि ‘पत्रिकेची चौकशी करता आली नाही’ ही दोन सर्वस्वी भिन्न उत्तरे होत. पहिल्यात क्रमांक वा नोंद तपासावी लागते. दुसऱ्यात थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. सेवा लिहिणाऱ्याने दोन्ही प्रसंगी यंत्रावर ‘अपात्र’ एवढेच उमटविले, तर संपर्क तुटल्याचा दोष लाभार्थ्याच्या माथी बसतो आणि मजूर रिकामी पिशवी घेऊन परत जातो.

आधार क्रमांक नसल्यामुळे, किंवा संपर्कातील बिघाडाने अथवा ठसा न जुळल्याने पात्र व्यक्तीस धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या होत्या. यंत्राचे मौन म्हणजे नकार नव्हे, हेच त्यांमागील तत्त्व होय.

एक व्यवहार, एकच नोंद

याहून सूक्ष्म प्रश्न अर्धवट तुटलेल्या व्यवहाराचा आहे. १० किलो दिल्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, नोंदही झाली, परंतु उत्तर परत येताना संपर्क तुटला असे समजा. दुकानदार तीच विनंती पुन्हा पाठविणार. ती नवी समजली गेल्यास दोनदा १० किलो वजा होऊन गावी आईच्या वाट्यास १५ ऐवजी केवळ ५ किलो उरतील.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक व्यवहारास यंत्राने आरंभीच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा व पुन्हा पाठविताना तोच क्रमांक ठेवावा. सर्व्हरने तो आधी पाहिला असेल तर नवी नोंद न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे. शिल्लक नुसती विचारणारी विनंती कितीही वेळा केली तरी काही बदलत नाही, परंतु शिल्लक बदलणाऱ्या विनंतीस ही दक्षता अवश्य हवी. कोणतीही चौकट हा विचार आपोआप करीत नाही. तो सेवा लिहिणाऱ्यासच करावा लागतो.

शाळेतील अभ्यास

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना हा विषय संगणकाविनाही शिकविता येईल. चार विद्यार्थ्यांना अनुक्रमे दुकान, केंद्रीय व्यवस्था, मूळ राज्य व आधार अशी कामे द्यावीत आणि चिठ्ठ्यांद्वारे विनंती व उत्तर पाठविण्यास सांगावे. नंतर एक उत्तराची चिठ्ठी वाटेतच काढून घ्यावी व पुढे काय करावे, हे वर्गास विचारावे. व्यवहार क्रमांकाची आवश्यकता विद्यार्थी आपण होऊन शोधून काढतील.

ग्रामस्थांनीही काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. अन्न सुरक्षा अधिनियमाखालील पत्रिकांनाच राज्याबाहेर ही सोय मिळते. गाव सोडण्यापूर्वी पत्रिकेतील व्यक्तींची आधार जोडणी व ई-केवायसी पूर्ण करून घ्यावी. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळत असल्याने त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. यंत्रावर नकार आल्यास त्याचे कारण विचारावे व यंत्राची पावती मागून घ्यावी. गावी उरलेल्या माणसांनी आपल्या वाट्याची शिल्लक पावतीवरून पडताळावी. हिशेब यंत्र ठेवीत असले, तरी तो तपासण्याचा अधिकार ज्याचे धान्य आहे त्याचाच राहतो.