लहान घर आणि सामानाची मांडणी

घर लहान आहे, ही बहुतेक कुटुंबांची तक्रार असते. परंतु त्या घरात सामान किती येणार आहे आणि ते कोठे ठेवावयाचे आहे, याचा हिशेब घर बांधण्यापूर्वी क्वचितच केला जातो. जोत्याची लांबी-रुंदी ठरते, खिडक्या किती हे ठरते, छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे यावर चर्चा होते. गृहप्रवेश झाल्यानंतर धान्याची पोती, अंथरुणे, पाण्याचे हंडे, शेतीची अवजारे आणि मुलांची दप्तरे मिळेल त्या कोपऱ्यात येऊन बसतात. घर अपुरे पडते ते पुष्कळदा असे, जमिनीच्या पातळीवर.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर करण्यात आले. स्वयंपाकाच्या स्वतंत्र व स्वच्छ जागेचा त्यात समावेश आहे. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचेही काही काळ नेमके हेच माप होते. पुढे ते ३०० चौरस फूट झाले. खेडे असो वा महानगर, फार मोठ्या संख्येने कुटुंबांना एवढ्याच जागेत संसार मांडावयाचा आहे. म्हणून सामानाची मांडणी हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत लाकडी सामान फारसे नसे. पलंग आणि कपाटे ही मोजक्या घरांतील चैन होती. सामान ठेवण्याचे काम भिंती आणि छत करीत. दिव्याला देवळी, नित्याच्या वस्तूंना कोनाडा, भांड्यांना फडताळ, कपड्यांना खुंटी व दांडी, दुधादह्याला शिंके, वर्षाच्या बेगमीला कणगी किंवा बळद, आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूंना माळा. उतरंडीत एकावर एक रचलेली मडकी एका मडक्याएवढीच जमीन अडवीत. दिवसा अंथरुणांची वळकटी होई आणि झोपण्याची जागा बसण्याची होई. या व्यवस्थेत जमीन माणसांसाठी मोकळी राखलेली होती.

अर्थात जुन्या भिंतींचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरता येणार नाही. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या याच जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर नव्या जागी वसविलेल्या गावांत भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबांना २५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घर सुरक्षित झाले. परंतु धान्य, सरपण, कडबा आणि अवजारे यांची सोय ज्या भिंतींत आणि अंगणात होती, ती मागे राहिली. अनेक कुटुंबांनी पुढे घराला लागून पत्र्याची खोली काढली, ती याच गरजेपोटी. नऊ इंची विटांच्या भिंतीत खोल कोनाडा निघत नाही, आणि तयार भिंत फोडून तो काढणे, विशेषतः कोपऱ्याजवळ, धोक्याचे असते. म्हणजे जुनी सोय नव्या बांधकामात वेगळ्या रीतीने आणावी लागेल.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली घ्या. तिचे क्षेत्र १२० चौरस फूट. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद पलंग २४ चौरस फूट, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा, कायमचा अडवितो. तीन फूट रुंद लोखंडी कपाट दिसावयास पाच चौरस फुटांचे असते. पण त्याची दारे उघडण्यासाठी समोर जवळपास तेवढीच जागा मोकळी ठेवावी लागते. आता पलंगाखालची पोकळी पाहा. उंची दीड फूट धरली तर ती ३६ घनफूट भरते. याउलट दहा फुटांच्या भिंतीला सात फूट उंचीवर दोन फूट रुंदीचा माळा काढला आणि त्यावर पावणेदोन फूट मोकळी उंची राहिली, तर ३५ घनफूट जागा मिळते आणि जमिनीचा एक इंचही जात नाही. पलंग घ्यावयाचाच असेल तर तो पेटीचा असावा, किंवा त्याच्या पायांखाली विटा देऊन तो उंच करावा. मुंबईच्या चाळींतील बिऱ्हाडांनी या विटांच्या आधारावर खाली ट्रंका आणि प्रसंगी मुलांची अंथरुणेही सामावली आहेत.

माळा काढण्याची वेळ मात्र एकदाच येते. सात फुटांची पातळी म्हणजे सर्वसाधारणपणे दारा-खिडक्यांवरील लिंटेलची पातळी. माळ्याची सळई लिंटेलच्या सळईत गुंतवून दोन्ही एकाच वेळी ओतावे लागतात. भिंती वर गेल्यावर सुचलेला माळा नीट होत नाही, झाला तर खर्चिक होतो. किती रुंदीचा माळा किती वजन पेलेल, हे गवंड्याच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याला विचारावे. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी भिंत रचतानाच कडप्प्याच्या फळ्या विटांच्या थरांत बसवून घ्याव्यात. घरकुलाच्या कामावर ठेकेदार नेमावयाचा नसून लाभार्थ्याने ते स्वतः करवून घ्यावयाचे असते. त्यामुळे हा निर्णय कुटुंबाच्या हाती आहे; फक्त तो वेळेवर सुचविणारे कोणी हवे. जोते आणि लिंटेल या टप्प्यांची पाहणी करणाऱ्या अभियंत्याने किंवा ग्रामसेवकाने ‘फळ्या कोठे बसविणार?’ एवढा एकच प्रश्न त्या वेळी विचारला तरी पुष्कळ काम होईल.

हा प्रश्न घरातील स्त्रीला विचारला पाहिजे. योजनेच्या नियमांनुसार घरकुल सामान्यतः तिच्या किंवा पतिपत्नीच्या संयुक्त नावे मंजूर होते. तरीही ओट्याची आणि फळ्यांची उंची ठरवितो गवंडी, आणि तीही स्वतःच्या हाताला येईल तशी! रोज लागणारे डबे गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत असावेत. त्यावरच्या फळीवर आठवड्याने लागणाऱ्या वस्तू, आणि माळ्यावर सणासुदीची भांडी, रजया, पाटा-रांजण नव्हे तर हलके सामान. भांड्यांची मांडणी जमिनीवरील घडवंचीपेक्षा भिंतीवर बरी. गॅसचे सिलिंडर उभे आणि शेगडीच्या पातळीखाली असावे, पण ओट्याखालचा तो भाग दार लावून बंद करू नये. तेथे हवा खेळती राहिली पाहिजे.

धान्य पोत्यात राहिले तर ओल, उंदीर आणि कीड यांपासून वाचत नाही. पत्र्याची कोठी त्यास अधिक चांगली. ती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून अर्धा फूट सोडून ठेवावी. सपाट झाकणाची चौकोनी कोठी टेबलाचेही काम देते. शेतकरी कुटुंबाच्या घरात कीटकनाशकांचे डबे हा वेगळा प्रश्न आहे. ते धान्याच्या किंवा स्वयंपाकाच्या फळीवर कदापि नसावेत. मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात, शक्यतो राहत्या खोलीबाहेर असावेत.

शिक्षकांना एक गोष्ट परिचित असेल. गृहपाठ न करणाऱ्या मुलाला घरी वही टेकविण्यास जागा असतेच असे नाही. त्यासाठी मेज-खुर्चीची आवश्यकता नाही. खिडकीजवळ दोन फूट लांबीची फळी बिजागरीने भिंतीला लावली, तर अभ्यासापुरती उघडून पुन्हा मिटता येते. त्याहून स्वस्त म्हणजे पेढीवर मुनीम वापरीत तसले उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क. पुस्तके त्याच्या पोटातच राहतात आणि अभ्यास संपला की ते फळीवर चढते.

लग्नात आलेले कपाट आणि सोफा यांमुळे घरातील एकमेव खिडकी झाकली गेल्याचे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. नव्या वस्तू घेण्यापूर्वी त्यांची मापे जमिनीवर खडूने आखून पाहावीत, आणि चारही माणसे झोपल्यावर दारापर्यंत वाट उरते का, हे तपासावे. राज्यात पंचायत समित्यांच्या स्तरावर नमुना घरकुले उभारण्यात आली आहेत. ती बहुधा रिकामी दाखविली जातात. त्यांत एक पलंग, एक कोठी, भिंतीवरील मांडणी आणि चार माणसांची अंथरुणे प्रत्यक्ष मापाने मांडून ठेवली, तर पाहावयास येणाऱ्या दांपत्याला लिंटेलपूर्वीच कळेल की फळी कोणत्या भिंतीला हवी.